टाकीत सोडायचा दिवा

एका वहीत, मेलेल्या माणसांच्या यादीत, माझं नाव तेवीस वेळा लिहिलेलं आहे.

वही चाचांची. चाचा आमच्या शाळेत नाईक होते, म्हणजे आम्हा शिपायांचे मुकादम म्हणा. संग्रामपूर तालुक्यातली साधी माध्यमिक शाळा. दहा खोल्या, एक प्रयोगशाळा, खिचडीची शेड, मोटरची खोली आणि अंगणात जमिनीखाली बांधलेली पाण्याची टाकी. एवढ्याशा जागेत माणूस किती प्रकारांनी मरू शकतो याचा जेवढा अभ्यास चाचांनी केला होता, तेवढा मास्तरांपैकी कोणी आपल्या विषयाचाही केला नव्हता.

मी लागलो तेव्हा तिशी ओलांडलेली, लग्न झालेलं, एक मुलगी. दुसऱ्याच दिवशी सकाळी झाडू घ्यायला मोटरच्या खोलीत गेलो, तर चाचा जमिनीवर आडवे. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात स्टार्टरच्या वायरीपाशी. मी धावलो आणि दोन्ही हातांनी त्यांचा खांदा धरून हलवू लागलो. चाचांनी एक डोळा उघडला.

"गेला तू," ते म्हणाले. "मी करंटनं मेलो, आन मले हात लावून तू मेला. आता तुह्या बायकोले सांगाले कोन जाईन?"

मग उठले, पायजमा झटकला, खिशातून वही काढली आणि तारीख, वेळ, माझं नाव असं सगळं सावकाश लिहिलं. शेवटच्या रकान्यात मरणाचं कारण होतं. त्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, 'धावला'.

पुढे कळलं की हा त्यांचा नित्यनेम होता. महिन्यातून दोन-तीनदा ते कुठेतरी मरून पडायचे. कधी शिडीखाली, कधी प्रयोगशाळेत ॲसिडच्या कपाटापुढे, कधी संडासाच्या दारात. आधी मेन स्विच बंद करायचा, कोरड्या लाकडानं वायर दूर सारायची, ओरडून माणसं बोलवायची. हे सोडून जो धावत जाऊन हात लावील, तो वहीत. एकदा पंचायत समितीचे एक साहेब तपासणीला आलेले. बिचारा भला माणूस, व्हरांड्यात म्हातारा पडलेला पाहून धावला आणि त्यांना उचलायला लागला. चाचांनी साहेबांचंही नाव लिहून घेतलं. मुख्याध्यापकांना घाम फुटला. चाचा शांतपणे म्हणाले की करंट काही साहेब पाहून सोडत नाही.

माझा सोबती गजूभाऊ तर एक्कावन्न वेळा मेलेला होता. आडदांड, हसतमुख गडी. तो मुद्दाम जाऊन पडलेल्या चाचांना गुदगुल्या करायचा आणि म्हणायचा, लिहा चाचा, सेंच्युरी करायची आहे. चाचा हसत नसत. त्याचं नाव लिहिताना मात्र त्यांचा पेन बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ थांबायचा, हे मी पाहिलेलं आहे.

रोज पहिल्या घंटेआधी आम्हा चौघांना ते शेडपाशी उभं करायचे. मी, गजूभाऊ, प्रयोगशाळेतला परिचर आणि खिचडी शिजवणाऱ्या मंदाकाकू. ऊन असो की पाऊस, चाचा सगळे नियम म्हणून दाखवायचे आणि आम्ही मुलांसारखे मागून म्हणायचो. ओल्या हातानं बटन नाही. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एका संडासात नाही. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या अल्लाच्या, त्यांवर आपला पाय नाही. बंद खोली उघडली की आधी शंभर आकडे, मग पाय आत. कोणी खाली पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही, बाप असला तरी नाही. हा शेवटचा नियम म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मुलं खिडकीतून आमची ही प्रार्थना बघून फिदीफिदी हसायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

का, असं विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं की शंभरच का, पन्नास का नाही? चाचांचा चेहरा कसनुसा झाला. "सांगतलं तेवढं कर बे," एवढंच म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

स्वतः ते जन्मभर जपूनच राहिले. सोनाळ्याहून सायकलनं यायचे, पण उतार आला की उतरून सायकल हातात धरायचे. शाळेच्या फाटकात चामडी चप्पल काढून रबरी घालायचे. चहा पार निवल्यावर प्यायचे. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दारात उभं राहून नाक फुलवून वास घ्यायचे. एवढी तयारी केलेल्या माणसाला मरण आलं ते साखरेच्या आजारानं, घरच्या खाटेवर, लेकी-जावई भोवती असताना. त्यालाही आता दोन वर्षं झाली. मी मातीला गेलो होतो. तिथे त्यांच्या भाच्यानं ती वही माझ्या हातात दिली, कारण घरात कोणाला ती ठेवून घ्यायची हिंमत होईना.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय वेगळीच होती. नवा माणूस लागला की पंधरा दिवसांत चाचा त्याच्या घरी जायचे. माझ्याही घरी आले. ओट्यावर बसले, थंड केलेला चहा घेतला, मुलीचं नाव विचारलं. मग बायकोला विचारलं की दिवसा घरी कोण असतं, शेजारी कोण आहे, तिचं माहेर कुठं. जाताना गल्लीच्या तोंडाशी वळून घर नीट न्याहाळलं. मी विचारलं की चाचा, हे काय चाललंय? ते म्हणाले, घर पाहून ठेवतो, उद्या काही झालं तर बातमी द्यायला गल्लोगल्ली भटकायला नको. माझ्या बायकोनं ते ऐकलं. त्या रात्री ती जेवली नाही. या माणसाला पुन्हा घरी आणलंत तर मी माहेरी जाईन, असं तिनं मला बजावलं.

मी आधी हसण्यावारी न्यायचो, पण भीतीचा संसर्ग होतोच. वर्षभरात मी घरी पंख्याच्या बटणाला हात लावण्याआधी हात पुसायला लागलो. गॅसची नळी रोज हुंगायला लागलो. शाळेत शिडीवर चढण्याआधी प्रत्येक पायरी हातानं हलवून बघायला लागलो. मला चाचांचा रागच यायचा. चांगला धडधाकट माणूस होतो, या म्हाताऱ्यानं मला भित्रा करून ठेवलं, असं मी गजूभाऊपाशी बोलून दाखवायचो. गजूभाऊ म्हणायचा, तू ऐकतोस कशाला, मी तर एका कानानं ऐकतो आणि दुसऱ्यानं सोडून देतो.

आता त्या टाकीचं सांगतो. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ती आतून धुवायची असे. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं, नळाचं येईल तेव्हा येणार, म्हणून साठवण लागतेच. टाकी माणसाच्या दीडपट खोल, वर दोन फुटांचं तोंड, आत उतरायला लोखंडी शिडी. झाकण उघडल्यावर चाचा सगळ्यांना दहा पावलं मागे उभं करायचे आणि स्वतः दोराला कंदील बांधून आत सोडायचे. रॉकेल रेशनवर मिळणं बंद झालं तरी ते कुठून तरी आणायचे आणि बाटली कपाटात कुलुपात ठेवायचे. तोंडाशी उकिडवे बसून ते त्या ज्योतीकडे बघत राहायचे. त्यांचे हात इतके कापायचे की कंदिलाची काच वाजायची. ओठ हलत असायचे. बराच वेळ गेल्यावर म्हणायचे, दिवा विझला नाही, उतरा. मग उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक वरच्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी ते सदरा वर करायला लावून कमरेवरचा वळ बघायचे. वळ नसला की दोर बांधलाच नव्हता, आणि मग दिवसभर बोलणी.

दिवा कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. माझी मी समजूत करून घेतली होती. आत साप-विंचू असला तर दिसावा म्हणून दिवा. विझला तर अंधार, अंधारात दिसणार काय, म्हणून उतरायचं नाही. मला हे इतकं उघड वाटायचं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच मनात आलं नाही.

मध्ये दोन वर्षं गच्चीवर प्लास्टिकची टाकी बसवली होती, म्हणून खालची बंदच पडून होती. त्या उन्हाळ्यात वरची तडकली. शाळा सोमवारी उघडायची आणि शुक्रवारी मुख्याध्यापक म्हणाले, खालची टाकी आजच्या आज धुऊन घ्या. चाचा रोहिणखेडला भाचीच्या लग्नाला गेलेले, ते शनिवारी येणार. मी म्हटलं, चाचा येऊ द्या. सर म्हणाले, चाचांच्या मुहूर्तावर शाळा चालते काय?

सकाळचे अकरा वाजले असतील. शेडमध्ये मंदाकाकू मोठी पातेली घासत होत्या. सर सांगून निघून गेले होते, बाकी शाळेत कोणी नव्हतं. आम्ही झाकण सरकवलं. आतून कुबट, सडक्या अंड्यासारखा वास आला. गजूभाऊ म्हणाला, पाल मेली असेल. मला बरं वाटेना. मी म्हटलं, दिवा सोडल्याशिवाय नको. कपाटाला कुलूप, किल्ली चाचांच्या खिशात. मंदाकाकूंकडून गोडंतेल आणि कापूस मागून पणती लावता आली असती. शेड पन्नास पावलांवर होती. मला तेवढं चालायचा कंटाळा आला, हे आज लिहितानाही हात जड होतो.

मी माझ्या मोबाइलची बॅटरी लावली, मोबाइल बादलीत ठेवला आणि बादली दोरानं आत सोडली. लख्ख उजेड पडला. तळाला हातभर काळं पाणी, त्यावर पालापाचोळा, साप नाही, विंचू नाही. आम्ही चांगली पाच मिनिटं बघत बसलो. चाचांचं सगळं जसंच्या तसं केलं. मी अगदी त्यांच्या सुरात म्हणालो, "दिवा विझला नाही, उतरा." गजूभाऊ खो खो हसला. कमरेला दोर बांधून घेताना कुरकुरला, पण उद्या म्हातारा वळ पाहील म्हणून बांधून घेतला.

चौथ्या पायरीवर तो थांबला. "कसंतरी होऊन राह्यलं बे," म्हणाला. मी म्हटलं, वर ये. त्यानं वर पाहिलं, हात पुढच्या पायरीकडे नेला आणि ती त्याला धरताच आली नाही. आवाज न करता तो खाली गेला. फक्त पाणी वाजलं. बादलीतला मोबाइल लख्ख जळत होता आणि त्या उजेडात गजूभाऊचं तोंड पाण्याकडे झुकताना मला दिसलं.

मी दोर ओढला. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस, माझ्याच्यानं काय उचलतो! जेमतेम त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील एवढा दोर ताणला, टाकीजवळच्या फाटकाच्या खांबाला वेढा दिला आणि ओरडलो. आणि मग शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर गेलो तोच डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, कानात शीळ वाजली. खाली गजूभाऊचा हात पाण्यात तरंगत होता. आणखी तीन पायऱ्या उतरलो असतो तर तो हात धरता आला असता. मला माझी मुलगी दिसली, ओटा दिसला, ओट्यावर बसून घर न्याहाळणारे चाचा दिसले. मी वर आलो. टाकीच्या तोंडाशी ओणवा होऊन मी त्याला नावानं हाका मारत राहिलो.

मंदाकाकू धावत आल्या. त्यांनीच रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना बोलावलं. त्यातला एक जवान गडी सदरा काढून थेट शिडीकडे निघाला, तर काकूंनी त्याची मानगूट धरली आणि सांगितलं की चाचाचा हुकूम आहे, पडलेल्याच्या मागे कोणी उतरायचं नाही, आधी दोर ओढ. चौघांनी मिळून ओढला. गजूभाऊचे खांदे त्या अरुंद तोंडात अडकले, कातडी सोलली, तेव्हा कुठे तो वर आला. ओठ निळे. श्वास आहे की नाही, कळेना. नंतर एकदाचा तो गुरगुरला आणि मंदाकाकूंनी त्याला कुशीवर वळवलं.

त्याला आधी इथल्या दवाखान्यात आणि तिथून अकोल्याला नेलं. घरी कळवायचं माझ्याकडे आलं. माझा मोबाइल टाकीत, आणि तेव्हा लक्षात आलं की सहा वर्षं एका डब्यातून जेवलो, पण या माणसाचं घर मी पाहिलेलं नाही. विचारत विचारत गेलो. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. मी तिला घेऊन अकोल्याला गेलो. तिथे व्हरांड्यात बाकावर बसल्यावर तिनं मला विचारलं, "भाऊजी, हे खाली होते तवा तुम्ही वरच होते काय?"

मी हो म्हणालो. तिचा तो एक प्रश्न अजून मला पुरतो आहे.

गजूभाऊ वाचला. आठ दिवसांनी घरी आला. आजही शाळेत आहे, पण बंद दार त्याला सोसत नाही. थंडीतही अंगणात झोपतो. त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही, निदान तो तसं सांगतो, आणि मी कधी खोदून विचारलं नाही.

चाचा शनिवारी परस्पर अकोल्याला गेले, गजूभाऊला पाहिलं आणि दुपारी शाळेत आले. मी टाकीपाशीच होतो. झाकण लावलेलं. मला वाटलं होतं की आता वही निघेल, शिव्या बसतील. मी वाटच पाहत होतो, कोणीतरी मला दोन लाथा घालाव्यात म्हणून. चाचांनी चपलाही बदलल्या नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं की दिवा सोडला होता का. मी म्हटलं, सोडला होता, विझला नाही. कोणता दिवा, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

चाचा खाली बसले. बराच वेळ ते झाकणावरून हात फिरवत राहिले.

"दिव्याले हवा लागते," ते म्हणाले. "आपल्यासारखीच. तुह्या मोबाइलले नाही लागत. हे मी तुमाले सांगाले पायजे होतं. इतके सालं झाले, सांगतलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ विहिरी खोदायच्या कामावर जायचे. एक जुनी, बुजत आलेली विहीर उपसायची होती. भाऊ आधी उतरला, हे वर होते. दिवा कोणी सोडला नव्हता, दोरही नव्हता. भाऊ तळाशी बसला तो उठलाच नाही. हे काठावर उभे. गावकरी येईपर्यंत उभेच. त्यांची अम्मी पुढे बरीच वर्षं जगली आणि दर ईदला, नवे कपडे घातले की, एकच गोष्ट विचारायची, तू का नाही उतरलास. चाचा सांगायचे की खाली जहरी हवा होती, उतरलो असतो तर दोघंही गेलो असतो. जाणकारांनी तसंच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. दिव्याचं कारण कोणाला सांगायचं म्हणजे विहिरीचं सांगावं लागणार, विहिरीचं सांगितलं की पुढचा माणूस तेच विचारणार. म्हणून त्यांनी नियम सांगितले, कारणं सांगितली नाहीत.

हे सगळं सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. सांगून झाल्यावर पाहिलं.

"तू काऊन नाही उतरला?"

मला उत्तर तयार होतं. चाचा, तुमचाच नियम, पडलेल्याच्या मागे उतरायचं नाही. रोज सकाळी तेच तर म्हणायचो. ते म्हटलं असतं तर आम्ही दोघंही सुटलो असतो. पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मला कुठलाही नियम आठवला नव्हता.

"भेलो, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"मीबी," ते म्हणाले. "अम्मीले कधी सांगतलं नाही."